शांतिनिकेतनातील उत्सव : विद्यापीठाचे खुले अंगण आणि त्याची किंमत

प्रस्तावना

विद्यापीठाने समाजासाठी काय करावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा ‘विस्तारकार्य’ या एका शब्दात आटोपले जाते. त्यात बहिःशाल व्याख्याने येतात, श्रमसंस्कार शिबिरे येतात, साक्षरतेचे वर्ग येतात. कलेच्या वाट्याला मात्र वार्षिक स्नेहसंमेलनाचे दोन-तीन दिवस येतात आणि तेही ओळखपत्र दाखवून आत येणाऱ्यांपुरते. विद्यापीठाने आपले गायन, नृत्य, नाट्य व चित्रकला परिसरातील कोणाही माणसापुढे विनामूल्य मांडावी आणि हे काम अध्यापनाचाच भाग मानावे, असा प्रयोग भारतात ज्या संस्थेने सर्वांत दीर्घकाळ केला, ती संस्था म्हणजे विश्वभारती. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात, बोलपूरलगत वसलेल्या शांतिनिकेतनातील पौषमेळा, वसंतोत्सव, वृक्षारोपण, हलकर्षण इत्यादी उत्सवांची नावे मराठी वाचकास अपरिचित नाहीत. पु. ल. देशपांडे बंगाली शिकण्यासाठी तेथे जाऊन राहिले आणि त्यांच्या ‘वंगचित्रे’मुळे तो परिसर अनेक मराठी घरांत पोहोचला. तथापि हे उत्सव कोणत्या विचारातून उभे राहिले, त्यांचा खर्च कसा भागला आणि २०१९ नंतर ते अडचणीत का आले, या बाबी फारशा चर्चिल्या जात नाहीत. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार केला आहे.

दस्तऐवजातील मेळा

या परंपरेतील सर्वांत जुना घटक विद्यापीठाहून जुना आहे. महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर यांनी ७ पौष १२५० या बंगाली तिथीस, म्हणजे २१ डिसेंबर १८४३ रोजी ब्राह्म धर्माची दीक्षा घेतली. (बंगाली पंचांग सौर असल्यामुळे तेथील पौष आपल्या चांद्र पौषाप्रमाणे मागेपुढे सरकत नाही, ७ पौष ही तिथी दरवर्षी डिसेंबरच्या २१ ते २३ या तारखांच्या आसपासच येते.) १८६३ मध्ये त्यांनी बोलपूरजवळची वीस बिघे माळरानाची जमीन कायम पट्ट्याने घेतली आणि १८८८ मध्ये ती एका विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली. त्या वेळचा न्यासपत्राचा मजकूर आजही लक्षपूर्वक वाचावा असा आहे. विश्वस्तांनी दरवर्षी एक मेळा भरवावा, सर्व धर्मांच्या साधुपुरुषांनी तेथे येऊन धर्मविचारांची देवाणघेवाण करावी, मूर्तिपूजा व हीन अभिरुचीची करमणूक असू नये, मद्य व मांस वगळता सर्व वस्तूंची खरेदी-विक्री व्हावी आणि पुढेमागे मेळ्यातून काही उत्पन्न झालेच, तर ते मेळ्याच्या किंवा आश्रमाच्या उन्नतीसाठी खर्चावे, अशा त्यातील तरतुदी आहेत.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. मेळा भरवणे ही विश्वस्तांच्या मर्जीची बाब नसून त्यांच्यावर टाकलेले कर्तव्य आहे. दुसरे असे की, धर्मचर्चा आणि बाजार यांना देवेंद्रनाथांनी एकाच मैदानात जागा दिली. पुढील काळात ‘मेळ्याचा बाजार झाला’ अशी तक्रार वारंवार ऐकू आली. परंतु मूळ दस्तऐवजातच बाजार आहे, हे तक्रार करणारे सहसा सांगत नाहीत.

पहिला पौषमेळा १८९४ मध्ये उपासनागृहाच्या परिसरात भरला. पुढे जागा अपुरी पडू लागल्याने १९६१ मध्ये तो पूर्वपल्लीच्या मोठ्या मैदानात गेला. दरम्यान मेळ्याभोवतीचे जगच बदलले होते. १९०१ च्या डिसेंबरात, ७ पौषाच्याच मुहूर्तावर, रवींद्रनाथांनी तेथे ब्रह्मचर्याश्रम ही शाळा सुरू केली. २३ डिसेंबर १९२१ रोजी, म्हणजे ८ पौषास, विश्वभारतीची विधिवत स्थापना झाली. १९५१ मध्ये संसदेच्या कायद्याने तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अशा रीतीने एका धार्मिक न्यासाचा मेळा, एका कवीची शाळा आणि शासनाच्या अनुदानावर चालणारे विद्यापीठ एकाच तिथीभोवती गुंफले गेले. पहाटेचे वैतालिक, सप्तपर्णीच्या झाडांखाली होणारी उपासना, दिवसभर बाउलांचे गायन, कीर्तन, जात्रा, संताळांचे नृत्य आणि शेजारीच मातीची भांडी, लोखंडी अवजारे व चामड्याच्या पिशव्यांची दुकाने असा हा प्रकार आहे. यातील काय विद्यापीठाचे, काय न्यासाचे आणि काय बोलपूरच्या व्यापाऱ्यांचे, हे ठरवण्याची वेळ सुमारे सव्वाशे वर्षे कोणावर आली नाही.

ऋतूंचे वेळापत्रक

ऋतूत्सवांची कुळी निराळी आहे. ते रवींद्रनाथांच्या शिक्षणविचारातून आले. शमींद्रनाथ या त्यांच्या धाकट्या मुलाने १९०७ च्या प्रारंभी सोबतच्या मुलांना घेऊन एक लहानसा ऋतूत्सव केला. त्याच वर्षी, वयाची अकरा वर्षे पूर्ण होण्याआधीच, तो वारला. वसंतोत्सवाचा उगम त्या उत्सवात सांगितला जातो. १९०८ मध्ये ‘शारदोत्सव’ हे नाटक विद्यार्थ्यांसाठी लिहिले गेले. १९२८ च्या जुलैत शांतिनिकेतनात वृक्षारोपण आणि शेजारच्या श्रीनिकेतनात हलकर्षण सुरू झाले. वृक्षारोपणात रोपटे सजवलेल्या पालखीतून, गीत-नृत्याच्या साथीने आणले जाते आणि पंचमहाभूतांची रूपे घेतलेले विद्यार्थी त्याचे स्वागत करतात. हलकर्षणात सजवलेले बैल व नांगर यांना उत्सवमूर्तीचा मान असतो. नंदलाल बोस यांनी त्याचेच भित्तिचित्र श्रीनिकेतनात रंगवले.

हे उत्सव अभ्यासक्रमाबाहेरचे उपक्रम मानले गेले नाहीत. संगीतभवनात शिकलेले गाणे, कलाभवनात शिकलेली अल्पना आणि वर्गात वाचलेले नाटक यांची परीक्षा उत्सवात होत असे. ज्या विद्यार्थ्याने महिनाभर तालीम केली, त्याच्यापुढे परीक्षक म्हणून आसपासच्या खेड्यांतील माणसे बसत. आपल्याकडील युवक महोत्सवांत संघ, स्पर्धा, गुण व चषक हीच भाषा चालते. तिच्याशी ही कल्पना ताडून पाहण्याजोगी आहे.

महाराष्ट्राचा यात सहभाग होता, ही गोष्ट विस्मरणात जाऊ नये. शास्त्रीय संगीताचे अध्यापक पंडित भीमराव शास्त्री आश्रमाच्या सुरुवातीच्या दशकांत तेथे होते. काका कालेलकर १९१४-१५ च्या सुमारास तेथे राहिले. विनायक मासोजी नंदलालांचे विद्यार्थी आणि नंतर कलाभवनातील अध्यापक झाले. नंदलालांनी हीच दृष्टी खानदेशातही आणली. १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी त्यांनी बांबू व स्थानिक साहित्याचा वापर करून मंडप व नगराची सजावट केली. ग्रामीण भागात भरलेले ते काँग्रेसचे पहिले अधिवेशन होते.

‘विनामूल्य’ म्हणजे कोणाच्या खर्चाने?

विनामूल्य कार्यक्रमाचा खर्च कोणीतरी सोसतच असतो. शांतिनिकेतनाने तो तीन वाटांनी सोसला.

पहिली वाट स्वस्त साहित्याची. मंचाऐवजी आंब्याची राई, पडद्याऐवजी पाने-फुले, रंगांऐवजी तांदळाच्या पिठाची अल्पना. रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये ‘संथाळ कुटुंब’ हे भव्य शिल्प सिमेंट व लाल मुरमाच्या खड्यांत घडवून उघड्यावर उभे केले. ब्राँझ परवडणारे नव्हते, हे त्याचे एक कारण. पण त्यामुळे रस्त्याने जाणाऱ्या संथाळ मजुराला स्वतःसारखी माणसे विद्यापीठाच्या आवारात उभी दिसू लागली. बिनोदबिहारी मुखोपाध्याय यांचे मध्ययुगीन संतांचे भित्तिचित्र (१९४६-४७) हिंदी भवनाच्या भिंतींवर आहे. कला इमारतीच्या अंगावरच असली, की तिच्यासाठी वेगळे दालन उभारण्याचा खर्च टळतो.

दुसरी वाट अधिक कष्टाची होती. आश्रमात जे फुकट दाखवले जाई, तेच बाहेर तिकीट लावून दाखवले गेले. १९१६ मध्ये ‘फाल्गुनी’चा कोलकात्यातील प्रयोग बांकुड्याच्या दुष्काळग्रस्तांसाठी झाला, पुढे विश्वभारतीचीच तिजोरी भरण्यासाठी दौरे निघू लागले. १९३३ मध्ये रवींद्रनाथ मुंबईत आले, तेव्हा सोबत विद्यार्थ्यांचा नाट्य-नृत्यसंच होता. १९३६ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, ते असाच संच घेऊन उत्तर भारतात फिरत असता दिल्लीत गांधीजींची भेट झाली. या वयात कवीने पैशांसाठी रंगमंचावर उभे राहावे, हे गांधीजींना सहन झाले नाही आणि त्यांनी ६० हजार रुपयांची व्यवस्था करून दिली. ही हकीकत दोन महापुरुषांच्या स्नेहाची म्हणून सांगितली जाते. प्रशासनाच्या दृष्टीने पाहता तिचा अर्थ इतकाच की, विद्यापीठाचे खुले अंगण वाचवण्यासाठी संस्थापकाला गावोगाव तिकिटे विकावी लागत होती.

तिसरी वाट विद्यार्थ्यांनी स्वतः शोधली. महालयेच्या दिवशी भरणाऱ्या ‘आनंदबाजारा’त ते स्वतः केलेल्या वस्तू व खाद्यपदार्थ विकतात. कलाभवनाचा ‘नंदन मेळा’ १९७३ पासून १ व २ डिसेंबरला, नंदलालांच्या ३ डिसेंबर या जन्मदिवसाच्या आधी भरतो. अडचणीतील विद्यार्थ्यांना मदत करता यावी, यासाठी तो सुरू झाला. शिक्षक व विद्यार्थी यांच्या कलाकृती तेथे सामान्य माणसाला परवडतील अशा किमतींत मिळतात. प्रवेश खुला आणि विक्रीचा पैसा विद्यार्थी साहाय्यनिधीस, अशी ही साधी रचना आहे. आपल्या महाविद्यालयांतील चित्रकलेच्या किंवा गृहविज्ञानाच्या विभागांना सहज उचलता येईल असे या सर्व परंपरेत काही असेल, तर ते हेच.

प्रेक्षक वाढले तेव्हा

शांतिनिकेतनातील उत्सवांचा पाहुणा प्रारंभी शेजारच्या गावचा होता. तो गात असे, विकत असे, नाचत असे. रेल्वे व मोटार यांची सोय वाढली, तसा कोलकात्याहून येणारा पर्यटक वाढला. तो पाहू लागला आणि छायाचित्रे काढू लागला. वसंतोत्सवात मूळ प्रथा विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीची, गीत-नृत्याची व त्यानंतर एकमेकांना कोरडा अबीर लावण्याची. एका सकाळपुरत्या या कार्यक्रमासाठी लहानशा वसाहतीत प्रचंड जनसमुदाय लोटू लागला, तेव्हा वाहतूक, कचरा, विद्यार्थिनींची सुरक्षितता हे प्रश्न उत्सवाहून मोठे झाले. त्यापूर्वीच, मार्च २००४ मध्ये, रवींद्रनाथांचे नोबेल पदक विद्यापीठाच्या संग्रहालयातून चोरीस गेल्याचे उघड झाले होते. त्या घटनेचा उत्सवांशी संबंध नव्हता. पण उघड्या दारांकडे पाहण्याची प्रशासनाची नजर त्यानंतर पूर्वीसारखी राहणे कठीण होते.

पौषमेळ्याच्या बाबतीत प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला. ध्वनी, धूर, घनकचरा आणि मुदत संपल्यावरही न हटणारी दुकाने हे मुद्दे होते. लवादाच्या हस्तक्षेपानंतर मेळ्याचे दिवस मर्यादित झाले व पारंपरिक आतषबाजी बंद पडली. दंडाची व दोषाची जबाबदारी मात्र आयोजक म्हणून विद्यापीठावर येऊ लागली. सुरक्षा अनामतीवरून व्यापारी व प्रशासन यांचे खटके उडाले. २०२० मध्ये विश्वभारतीने मेळा यापुढे न भरवण्याचा निर्णय घेतला आणि मैदानाभोवती कुंपण घालण्यास प्रारंभ केला. १७ ऑगस्ट २०२० रोजी जमावाने बांधकाम व प्रवेशद्वार पाडले. हिंसेचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु एखाद्या विद्यापीठाने आपल्याच मैदानाला कुंपण घातले म्हणून गाव रस्त्यावर उतरते, ही घटना भारतातील किती विद्यापीठांच्या बाबतीत घडू शकेल, याचाही विचार व्हावा.

पुढील घडामोडी थोडक्यात अशा. २०२१ व २०२२ मध्ये बोलपुरात अन्यत्र पर्यायी मेळा भरला. २०२३ मध्ये पूर्वपल्लीच्या मैदानात मेळा परतला, तो जिल्हा प्रशासनाच्या पुढाकाराने. डिसेंबर २०२४ मध्ये विश्वभारती व शांतिनिकेतन न्यास हे पुन्हा एकत्रितपणे आयोजक झाले. वसंतोत्सवाची वाट वेगळी ठरली. २०२० चा उत्सव कोरोनाच्या साथीमुळे रद्द झाला. साथ ओसरल्यावर २०२३ मध्ये विद्यापीठाने ‘वसंत वंदना’ या नावाने होळी पौर्णिमेच्या आधीच, केवळ विद्यार्थी व कर्मचाऱ्यांसाठी कार्यक्रम केला आणि त्यानंतरही हाच मार्ग धरला. १७ सप्टेंबर २०२३ रोजी शांतिनिकेतनाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यामुळे वास्तू व परिसर जपण्याचे कारण या निर्णयास अधिक बळकटी देणारे ठरले.

दोन उत्सवांच्या नशिबातील हा फरक योगायोगाचा म्हणता येणार नाही. मेळ्याच्या मागे १८८८ चे न्यासपत्र होते, त्यावर पोट भरणारे कारागीर होते, दुकानदार होते, बाउल होते. तो बंद पडताच हक्क सांगणारे लोक उभे राहिले. वसंतोत्सवाच्या मागे असा दस्तऐवज नव्हता. त्याचे बाहेरचे वाटेकरी बहुतांश पर्यटक होते आणि पर्यटक दुसरीकडे जातो. ज्या उत्सवात परिसरातील माणसाचे काही गुंतलेले असते, तो उत्सव बंद करणे विद्यापीठाला अवघड जाते. जेथे तो केवळ प्रेक्षक असतो, तेथे दार लावण्यास एक परिपत्रक पुरते.

श्रीनिकेतनातील हलकर्षण व फेब्रुवारीतील माघमेळा हे उत्सव पर्यटकांच्या दिनदर्शिकेत क्वचितच आढळतात. १९२२ मध्ये लिओनार्ड एल्महर्स्ट यांच्या साहाय्याने सुरू झालेल्या या ग्रामपुनर्रचना केंद्राच्या वर्धापनदिनी, ६ फेब्रुवारीस, माघमेळा सुरू होतो. भाज्यांची व पिकांची प्रदर्शने, ग्रामीण हस्तकला आणि लोकगायन हे त्याचे स्वरूप असून आसपासचे शेतकरी आपल्या मळ्यातील मोठा मुळा वा भोपळा घेऊन त्यात सहभागी होतात.