डिसेंबरच्या रात्री, मंठ्याच्या आकाशात

केव्हा : दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. रात्री दोनच्या सुमारास मिथुन रास मंठ्यात जवळजवळ डोक्यावर येते.

कशामुळे : १९८३ मध्ये सापडलेल्या फेथॉन लघुग्रहाची धूळ सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि तापून चमकते. बरेचसे कण वाळूच्या खड्याएवढेच असतात.

कसे पाहाल : दुर्बीण नको. दिव्यांपासून लांब, शेतात बाज टाका. मोबाइल बंद ठेवून अंधाराला डोळे सरावायला वीसेक मिनिटे द्या.

शेजारची खूण : अवाढव्य अशनी जमिनीवर आदळला तर काय होते, ते शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारला दिसते : बेसाल्ट खडकातले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर.