टँकर अडवायचा तो आपल्याच गेटावर



अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करीत अकोल्याला जाणारा रस्ता आपणा सर्वांच्या पायाखालचा आहे. जुना सहा नंबर तो हाच, आता राष्ट्रीय महामार्ग ५३. जून २०२२ मध्ये या रस्त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला व त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता सुधारला, तसा वाहनांचा वेगही वाढला. गायगावच्या डेपोतून निघणारे पेट्रोल-डिझेलचे टँकर, गॅसचे टँकर, आम्लाचे टँकर आणि आपल्याच आसवनीतले स्पिरिटचे टँकर या रस्त्याने धावतात. आपली उसाची ट्रॉली, बैलगाडी आणि शाळेत जाणारी पोरेही त्याच रस्त्याने जातात. म्हणून उसाच्या लागवडीचा विषय या वेळी बाजूला ठेवून हे लिहीत आहे.

टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे अशा तीन ठिकाणी एक पाटी असते. तिच्यावर चार आकडी नंबर असतो, तो इंग्रजी आकड्यांत. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ स्वयंपाकाचा गॅस, १८३० गंधकाचे आम्ल आणि ११७० म्हणजे आपले स्पिरिट. पेट्रोलच्या पाटीवर नंबरासोबत '३ वाय ई' असेही लिहिलेले असते. त्यातील तीनचा अर्थ आग फेसाने विझवा, आणि शेवटच्या 'ई'चा अर्थ आसपासची माणसे हलविण्याचा विचार करा. शिवाय मालाचे नाव आणि संकटात कळवायचे फोन नंबर.

काट्यावर एक जुना डायव्हर मला म्हणाला, "साहेब, वीस वर्सं झाले गाडी चालवून रायलो. पाटी वाचून काय आग लागाची थांबते?" प्रश्न रास्त आहे. पाटीने आग थांबत नाही, पण आग लागल्यावर काय करायचे ते पाटीच सांगते. पेट्रोलवर पाण्याचा जोराचा फवारा मारला, तर पेट्रोल पाण्यावर तरंगत पुढे पळते व आगही त्याच्याबरोबर जाते. स्पिरिट पाण्यात मिसळते, म्हणून साधा फेस त्यात टिकत नाही, त्याला वेगळा फेस लागतो. त्यातून स्पिरिटची ज्योत भर उन्हात नीट दिसतही नाही. पाटी पुसट असेल, किंवा मागच्या खेपेची तशीच राहिली असेल, तर बंबवाल्यांनी काय करावे?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२९ ते १३७ हे या धोकादायक मालासाठी आहेत. रस्त्यावर आरटीओ किंवा पोलीस गाडी अडवितात, तेव्हा सापडणाऱ्या चुका बहुधा ठराविकच असतात. पाटी नाही किंवा चुकीची आहे. मालाची माहिती आणि अपघातात काय करावे हे सांगणारा कागद चालकाच्या केबिनमध्ये नाही. चालकाच्या लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद नाही, किंवा तिची मुदत संपली. (ही नोंद तीन दिवसांच्या प्रशिक्षणानंतर मिळते व तीन वर्षे चालते.) आग विझविण्याचे नळकांडे रिकामे आहे. धुराड्याला ठिणगी अडविणारी जाळी नाही. वरचे झाकण सैल आहे, खालचा कॉक ठिबकतो आहे, टायर गुळगुळीत झाले आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड १० हजार रुपये आहे, शिवाय कैदेचीही तरतूद आहे.

यातली एकही गोष्ट किरकोळ समजू नये. साधारण १३ अंश उष्णतेलाच स्पिरिटची पेट घेण्याजोगी वाफ तयार होते, आणि अकोल्याचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. सैल झाकणातून ती वाफ सारखी निघत राहते व बाजूच्या ठिणगीने पेटू शकते. "रिकामाच तर आहे" असे म्हणून टँकरजवळ विडी ओढणारे पुष्कळ. पण धुतल्याशिवाय रिकामा टँकर म्हणजे वाफेने भरलेला टँकर, हे लक्षात असू द्या.

आता मुद्द्याची गोष्ट. या चुका रस्त्यावर सापडतात, पण होतात कुठे? बहुतेक तर टँकर भरतो तिथेच. नियम १३१ प्रमाणे माल पाठविणाराही जबाबदार आहे. गाडीची कागदपत्रे, सुरक्षेची साधने, चालकाचे प्रशिक्षण हे त्याने पाहायचे असते, मालाची पूर्ण माहितीही त्यानेच द्यायची असते. आपल्या स्पिरिटच्या बाबतीत माल पाठविणारा म्हणजे आपला कारखाना, आणि कारखान्याचे मालक आपण सभासद. उत्पादन शुल्क खात्याचा पास झाला की सगळे झाले, असा समज आहे. पास मालाचा हिशेब सांगतो, गाडी निर्धोक असल्याचा तो दाखला नव्हे.

११ जुलै १९७८ रोजी स्पेनमध्ये प्रोपिलीन वायूचा एक टँकर समुद्रकाठच्या सहलीच्या तळाजवळ फुटला व दोनशेहून अधिक माणसे गेली. टाकीत तिच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त, सुमारे २३ टन माल भरला होता. पुढे शिक्षा झाली ती वाहतूक कंपनीच्या माणसांबरोबर माल भरून देणाऱ्या कारखान्याच्या माणसांनाही.

गेटाबाहेरची दुसरी जागा म्हणजे ढाबा. तिथे कॉक उघडून चार कॅन काढले जातात, हे गावाला ठाऊक असते व गाव गप्प बसते. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळच्या पानेवाडी भागात असाच भेसळीचा प्रकार पकडायला गेले, तेव्हा त्यांना जिवंत जाळण्यात आले. तपासणी करणारा माणूस किती एकटा असतो, हे त्यावरून समजावे.

आणि टँकर उलटलाच तर? २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानात अहमदपूर शर्किया येथे पेट्रोलचा टँकर उलटला. आसपासचे लोक बादल्या, कॅन घेऊन धावले. आग भडकली व दोनशेहून अधिक लोक मेले. आपल्याकडे १३ जून २०२३ रोजी लोणावळ्याजवळ कुणे पुलावर ज्वलनशील रसायनाचा टँकर पेटला. जळते रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडले आणि चार जीव गेले. फुकटचे पेट्रोल कोणाला नको? पण ती बादली घरी पोचत नाही.

म्हणून प्रत्येकाने एवढे करावे :

१. उलटलेल्या टँकरपासून वाऱ्याच्या उलट दिशेला लांब जावे. विडी-काडी, ट्रॅक्टर, मोटारसायकल बंद ठेवावी.

२. दुरूनच पाटीवरचा नंबर वाचून ११२ वर कळवावा.

३. मळी सांडली तर ती पेटत नाही, पण रस्ता घसरडा होतो व नाल्याचे पाणी नासते. तीही कळवावी. मळीच्या टाकीत कोणी उतरू नये, आत गुदमरून माणूस मरतो.

४. रात्री रस्त्यावर असणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला व बैलगाडीला मागे लाल रिफ्लेक्टर लावावा.

आणि कारखान्याने? भरलेला टँकर काट्यावरून सुटण्यापूर्वी पाटी, कागद, लायसन्स, नळकांडे, जाळी, झाकण, कॉक आणि टायर या आठ गोष्टी पाहून सही करणारा माणूस गेटावर असावा, आणि एक जरी कमी असली तरी गाडी परत फिरवायची त्याला मुभा असावी. खेप एक दिवस उशिरा गेली तर नुकसान रुपयांत मोजता येईल. येत्या वार्षिक सभेत आपण उसाच्या भावाबद्दल विचारणारच. त्याच वेळी हेही विचारा, की आपल्या गेटावरून या हंगामात किती टँकर परत पाठविले? उत्तर "एकही नाही" असे आले, तर ते ऐकून खूश होऊ नका. सगळे टँकर चांगले होते की कोणी पाहिलेच नाही, हा पुढचा प्रश्न लगेच विचारा.