डोळे टक्क उघडे

शिल्पकार जी. रविंदर रेड्डी यांच्या मस्तकशिल्पासमोर उभं राहिलं की आधी दिसतात ते डोळे. पांढरेफेक, काळ्याभोर बुबुळांचे, पापणी न लवणारे. ग्रामदेवतांचे डोळे असेच टक्क उघडे असतात. आपल्याकडेही शेंदूर माखलेल्या तांदळ्याला, म्हणजे देवीच्या अनघड दगडाला, चांदीचे डोळे बसवतात, ते देवीने आपल्याकडे पाहावं म्हणून.

रेड्डींचा जन्म १९५६ चा, तेलुगू मुलखातला. शिक्षण बडोद्याला, मग लंडनला. कामाचं गाव विशाखापट्टणम. त्यांची ओळख झाली ती फायबरग्लासच्या भल्यामोठ्या स्त्रीमस्तकांमुळे.

सुरुवात मातीनेच होते. भरलेले गाल, जाड ओठ, हनुवटीची गोलाई, सगळं मातीतच ठरतं. मग त्यावरून साचा काढायचा. खोल खाचांमध्ये साचा अडकतो, म्हणून तो तुकड्यातुकड्यांनी घ्यावा लागतो. फायबरच्या कामात साच्याला आतून मेण चोळतात, हार्डनर मिसळलेलं रेझिन ब्रशने लावतात, त्यावर काचतंतूंची मॅट, पुन्हा रेझिन. प्रत्येक थर दाबून हवा काढायची. बुडबुडा राहिला तर तिथला पापुद्रा पुढे फुटतो. सुकल्यावर हाती येतं ते पोकळ, हलकं कवच. तुकडे जोडायचे, सांध्यांत लांबी भरायची आणि पॉलिश पेपरने घासत बसायचं. हे घासणं कंटाळवाणं, पण यात घाई केली की वरची झळाळी गेलीच.

कारण वर चढतो तो मोटारीचा रंग, आणि अनेक मस्तकांवर सोन्याचा वर्ख. ही चमक कुणाला भडक वाटते. मला तीच या कामाचा प्राण वाटते. दक्षिणेतल्या गोपुरांवरच्या रंगवलेल्या मूर्ती, सिनेमाचे कटआउट, सजवलेले ट्रक यांच्यावर वाढलेल्या नजरेला ती परकी नाही. हेच मस्तक काळपट ब्राँझमध्ये नुसतं भारदस्त झालं असतं; इथे ते देवीचं आहे आणि शेजारच्या बाईचंही. ‘कृष्णवेणी’, ‘तारा’ ही नावंसुद्धा तशीच दुहेरी.

आणि मागे जायला विसरू नये. पुष्कळजण चेहरा पाहून पुढे सरकतात, पण मागचा अंबाडा हे स्वतंत्र शिल्पच असतं: केसांचे पेड, त्यांवरची आभूषणं, ओळीने माळलेली फुलं. समोरून नजर आपल्याला जागीच धरून ठेवते. मागून मात्र आपण हवं तितका वेळ, अगदी जवळ जाऊन, एकेक फूल पाहू शकतो.