होकार, नकार आणि बारा अनुपस्थित नावे

ऑस्ट्रेलियाच्या सिनेटमध्ये मतविभागणीची मागणी झाली म्हणजे घंटा वाजू लागते, ती थांबताच दरवाजे बंद होतात, होकार देणारे अध्यक्षांच्या उजव्या हातास आणि नकार देणारे डाव्या हातास बसतात, आणि मोजली गेलेली प्रत्येक व्यक्ती नावानिशी इतिवृत्तात दाखल होते; आवाजी मतदानाने निकाल लागला, तर मात्र कोण कोणत्या बाजूस होता याचा मागमूस दफ्तरात सहसा राहत नाही.

पदवीचे शुल्क विद्यापीठांना आपल्या मर्जीने ठरवू द्यावे की नाही, या प्रश्नावरील सिनेटरांची मते शेजारी शेजारी मांडण्याचे काम मी हाती घेतले, त्यात याद्या उतरून घेण्यास फारसा वेळ लागला नाही. वेळ लागला तो प्रत्येक यादीपुढे नेमका कोणता प्रश्न होता हे निश्चित करण्यास. 2014 च्या अंदाजपत्रकानंतर शिक्षणमंत्री ख्रिस्तोफर पाइन यांनी आणलेल्या विधेयकात शुल्काची मर्यादा उठवण्याबरोबरच अनुदानात सरासरी 20 टक्के कपात आणि शैक्षणिक कर्जावर सरकारी रोख्यांच्या दराने व्याज अशा तरतुदी एकत्र बांधल्या होत्या. 2 डिसेंबर 2014 रोजी ते 33 विरुद्ध 31 मतांनी फेटाळले गेले. दुसऱ्याच दिवशी नवा मसुदा आला, त्यात व्याजाची ती तरतूद नव्हती. आणि 17 मार्च 2015 रोजी, अनुदानकपात अलग काढण्याची तयारी मंत्र्यांनी आदल्या दिवशी दाखवली असूनही, तोही 34 विरुद्ध 30 मतांनी पडला. या दोन नकारांची बेरीज करून एखाद्या सदस्याच्या नावापुढे एकच टक्केवारी लिहिणे मला अन्यायाचे वाटते, कारण कपातीला विरोध करणारा आणि शुल्काची मर्यादा उठवण्यालाच विरोध करणारा असे दोघेही तीत एकरूप होऊन जातात.

दोन्ही वेळा मोजलेली मते 64 आहेत आणि सभागृह 76 जणांचे. उरलेल्या बारांना कामचुकार ठरवण्यापूर्वी यादीखाली छापलेल्या जोड्या वाचाव्या लागतात. एका पक्षाचा सदस्य गैरहजर असला, तर दुसऱ्या बाजूचा एक सदस्य मतदानातून दूर राहतो, असा तेथील जुना शिरस्ता आहे. मजूर आणि ग्रीन पक्षांच्या सदस्यांचे नकार हे पक्षाचे नकार होत. त्यांवरून व्यक्तीची पारख होत नाही. ती होते ती जॅकी लॅम्बी आणि ग्लेन लॅझरस यांच्यासारख्यांची, कारण 2013 मध्ये एकाच पक्षाकडून निवडून आलेले हे दोघेही मार्चच्या मतदानापूर्वी तो पक्ष सोडून गेले होते आणि तरीही नकारावर कायम राहिले.

मराठी वाचकाने एक तपशील अवश्य ध्यानात घ्यावा. परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क तेथे आधीपासूनच विद्यापीठे स्वतः ठरवीत, आणि ठरलेली मर्यादा उठल्यावरही स्थानिक मुलांच्या शुल्काला पाइन यांच्या योजनेत जी कमाल मर्यादा राहणार होती ती या परदेशी शुल्काच्याच आधाराने. म्हणजे पुण्याहून मेलबर्नला गेलेल्या मुलाच्या घरच्यांनी जो भार उचलला, त्याच्या मापाने तेथील कामगाराच्या मुलाची मर्यादा आखली जाणार होती. हे कळल्यावर त्या याद्यांतले एकेक नाव मी अधिक आस्थेने वाचू लागलो.

2020 मध्ये मानव्यविद्यांचे शुल्क 113 टक्क्यांनी वाढवणारा कायदा झाला, त्यावरील मते याच कोष्टकात घालावीत असा आग्रह मला झाला. मी ती वेगळ्या पानावर ठेवली आहेत, कारण तेथे दर सरकारने ठरवले, विद्यापीठांनी नव्हे. त्या पानावर लॅम्बी पुन्हा नकाराच्या बाजूस आहेत. लॅझरस 2016 च्या निवडणुकीत पराभूत झाल्याने त्यांचे नाव तेथे नाही.