दगडफूल: मी कचरा म्हणून फेकलेला मसाला

सिल्लोड म्हटलं की लोकांना हिरव्या मिरचीचा बाजार आठवतो. आमच्या घरात मात्र उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे लाल मिरची. गच्चीवर वाळवण, देठं खुडायला सुट्टीला आलेली सगळी पोरं, आणि वर्षभराचा काळा मसाला.

मागच्या वर्षी खडा मसाला निवडायचं काम माझ्याकडे होतं. एका पुडीत काळपट-राखाडी, चुरगळलेले पापुद्रे निघाले. हुंगून पाहिले तर फारसा वासच नाही. बुरशी लागलेली साल असावी, असं समजून मी ते सरळ केरात टाकलं. मसाला कुटून आला आणि पहिल्याच आमटीला आई म्हणाली, "दगडफूल घातलंस ना गं?" वर्षभराचा मसाला, आणि त्याचा तो खोल, मातकट वास गायब. पीएचडी करणाऱ्या लेकीचं घरात चांगलंच हसं झालं!

गंमत म्हणजे माझा 'बुरशी' हा अंदाज अर्धा बरोबर होता.

दगडफूल हे फूल नाही, सालही नाही. ते लायकेन आहे, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. बुरशी घर बांधते आणि पाणी धरून ठेवते. आतलं हिरवं शैवाल उन्हात साखर तयार करून दोघांचं पोट भरतं. स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी 1867 मध्ये हे मांडलं, तेव्हा लायकेनच्या अनेक अभ्यासकांनी त्यांची टिंगल केली होती. आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचं शास्त्रीय नाव पार्मोट्रेमा पर्लाटम. शाळेतला लिटमस कागद आठवतोय? त्याचा रंगही मूळचा लायकेनमधलाच.

मग कच्च्या दगडफुलाला वास का नाही? जिऱ्याशी तुलना करू. जिऱ्यात सुगंधी तेल तयारच असतं, चुरडलं की लगेच वास येतो. दगडफुलात अ‍ॅट्रानोरिनसारखे मोठे, जड रेणू असतात. ते हवेत सहज उडत नाहीत, आणि जे नाकापर्यंत पोचत नाही त्याचा वास कसा येणार? तापल्यावर हे रेणू तुटतात आणि त्यातून लहान, उडणारे रेणू सुटतात. यातले बरेचसे पाण्यापेक्षा तेलात चांगले विरघळतात, म्हणून तेल तो वास धरून ठेवतं. "दगडफूल तेलातच परतायचं" हा आईचा नियम म्हणजे थोडक्यात रसायनशास्त्रच. फक्त आच मंद हवी. करपलं की कडू होतं.

आता जरा गंभीर गोष्ट. बाजारातलं बरंचसं दगडफूल हिमालयाच्या जंगलांतून, विशेषतः उत्तराखंडातून, झाडांवरून खरवडून येतं. आणि लायकेन वाढतं अगदी सावकाश, बहुतेक जाती वर्षाला काही मिलिमीटर. आपण चिमटीत धरतो तो तुकडा कित्येक वर्षांचा असू शकतो. शिवाय त्याला मुळं नसतात. पाणी, क्षार सगळं हवेतून आणि पावसातून घेतं. त्यामुळे हवेतली घाणही शोषतं. सल्फर डायऑक्साइड वाढला की बऱ्याच जाती मरतात, म्हणूनच शास्त्रज्ञ लायकेन पाहून हवेची अवस्था ओळखतात.

यंदा निवडायला मी आणि माझी भाची बसलो. सालीचे तुकडे, काड्या वेगळ्या केल्या आणि दगडफूल चमचाभर तेलात मंद आचेवर परतलं. मिनिटभरात स्वयंपाकघर भरून गेलं. भाची म्हणाली, "आत्या, मघाशी तर वासच नव्हता!"

तुम्हीही करून बघा. एक तुकडा कच्चा हुंगा, दुसरा तेलात परतून. पण तुकडाच घ्या, मूठभर नको. निसर्गाला तो बनवायला फार वेळ लागलाय.