सांता फेच्या माळावरचं गुऱ्हाळ

गाढव अडून बसलंय. चरकाची लांब दांडी त्याच्या मागे तशीच थबकलेली, आणि ते मान वळवून गर्दीकडे टक लावून पाहतंय. कुणी आरडत नाही, कुणी काठी उगारत नाही. लांब घागऱ्यातली एक मुलगी पुढे होते, दावं हातात घेते, त्याच्या कानाशी स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटते. चरक पुन्हा करकरू लागतो. रुळांच्या फटीत ताटं सरकतात आणि फिकट हिरवा रस बादलीत उतरतो.

हा एल रांचो दे लास गोलोंद्रिनास. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, सांता फेच्या दक्षिणेला साधारण 24 किलोमीटरवर, ला सिएनेगा गावाच्या खोऱ्यातला अठराव्या शतकातला रांच. ऑक्टोबरचा पहिला शनिवार-रविवार इथे सुगीचा उत्सव असतो. 1972 पासून हा रांच लोकांसाठी खुला आहे. मातीची घरं, टेहळणीचा बुरूज, छोटं देवघर, मेंढवाडा, सगळं नांदतं ठेवलेलं. कामं करणारे बहुतेक जण स्वयंसेवक आहेत, अंगावर जुन्या काळचे कपडे.

मी चरकापासून हलत नाही. ही ताटं उसाची नाहीत, ज्वारीची आहेत. गोड रसाची ज्वारी. आपण जिची भाकरी थापतो तिच्याच कुळातली. मूळ आफ्रिकेचं हे पीक एका दिशेने आपल्या काळ्या रानात रुजलं आणि दुसऱ्या दिशेने, पुष्कळ उशिरा, या कोरड्या माळावर पोचलं. चिपाडांचा ढीग वाढतोय. पलीकडे चुलाणावर पसरट काहील रटरटतेय, आणि एक आजोबा लांब दांड्याच्या झाऱ्याने मळी काढतायत. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात गुळव्या जसा काहिलीवरून नजर काढत नाही, तसेच हेही. कुणी काही विचारलं तर उत्तर देतात, पण मान वर न करता.

“काकवी झाली का तयार?” मी विचारते.

“फेस बघ,” ते म्हणतात. “बुडबुडे जड झाले की उतरवायची. आत्ता उतरवली तर पातळ राहील, टिकणार नाही.”

काकवीचा रंग हिरव्यावरून तांबूस होत चाललाय. वास थेट घशात उतरतो.

उताराने खाली आलं की पाट लागतो. इथे वर्षाला जेमतेम 14 इंच पाऊस. आजूबाजूच्या टेकड्यांवर बुटकी झुडपं आणि तांबडी माती. पण खोऱ्यात झरे आहेत, म्हणून कॉटनवुडची पिवळी पडत आलेली झाडं आहेत, म्हणून शेत आहे. असेकिया म्हणतात या पाटाला. न्यू मेक्सिकोतल्या अशा पाटांवर भागीदार मिळून आपला पाटकरी निवडतात, आणि वसंतात सगळ्यांनी फावडी घेऊन पाट उपसायचा असतो. ज्याला पाणी हवं त्याने श्रम द्यायचे. मला या साऱ्या रांचवर सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. घरं पुन्हा बांधता येतात, गिरणी दुसऱ्या गावाहून आणता येते, आणि इथली मोठी गिरणी सापेयो गावाहून आणलेलीच आहे. पाटाची शिस्त मात्र पिढ्यान् पिढ्या माणसांनी पाळावीच लागते.

द्राक्षांच्या लाकडी टबात मुलं अनवाणी नाचतायत, पोटऱ्यांपर्यंत जांभळी झालेली. 1629 मध्ये मिशनऱ्यांनी या प्रदेशात पहिले द्राक्षवेल लावले. कॅलिफोर्नियात वेल जाण्याआधी शंभरावर वर्षं.

द्राक्षं आली, मेंढ्या आल्या, गहू आला, तो याच रांचवरून जाणाऱ्या राजमार्गाने. मेक्सिको सिटीपासून सांता फेपर्यंत सुमारे 2,500 किलोमीटर. बैलगाड्यांच्या तांड्याला एका बाजूचा प्रवास सहा-सहा महिने पडे, आणि उत्तरेकडे येताना सांता फेआधीचा हा शेवटचा मुक्काम. 1780 मध्ये गव्हर्नर हुआन बाउतिस्ता दे आन्साची मोहीमही इथे थांबली होती. याच रस्त्याने सैन्य आणि सक्तीही आली. 1680 मध्ये इथल्या मूळ रहिवासी पुएब्लो लोकांनी एकजुटीने उठाव करून स्पॅनिशांना बारा वर्षं बाहेर ठेवलं होतं. आज इथे शिजतोय तो मका आणि भोपळा स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीपासून पुएब्लो शेतकऱ्यांनी या कोरड्या मातीत पिकवलेला. उत्सवात हे अधिक ठसठशीतपणे सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मातीच्या भिंतीला लाल मिरच्यांच्या माळा टांगल्यात. खाली बाकावर एक मावशी ताज्या मिरच्यांची पाटी घेऊन बसल्यात. तीन-तीन मिरच्यांचे देठ सुतळीने आवळायचे, मग ते झुपके मधल्या दोरीभोवती गुंफत न्यायचे. मी त्यांना सांगते, अमेरिका खंडातली हीच मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यात उतरली आणि आमच्या स्वयंपाकघरात शिरली.

“कशात घालता?”

“कशात नाही ते विचारा,” मी म्हणते आणि ठेचा कसा करतात ते सांगू लागते: तव्यावर भाजलेली हिरवी मिरची, लसूण, मीठ, शेंगदाणे.

“आम्हीही भाजतो. थेट आगीवर, साल काळं होईपर्यंत,” त्या म्हणतात, आणि बाकावर सरकून मला जागा करून देतात. माझा पहिला झुपका सुटतो. त्या माझ्या हातातली सुतळी घेऊन दोनदा फिरवून दाखवतात आणि पाटी माझ्याकडे ढकलतात. संध्याकाळच्या आत अजून चार माळा व्हायच्या आहेत.