पुसण्याआधी उतरून घ्या

घरातला संगणक मंदावला किंवा त्यात व्हायरस शिरला की दुरुस्ती करणारा मुलगा म्हणतो, ‘काका, फॉरमॅट मारावं लागेल.’ विंडोज १० ची नेहमीची देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, तेव्हापासून नवी विंडोज टाकून घेण्याचा विषय अनेक घरांत निघतो. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. पाटीवर आपण काय काय लिहिलं होतं, हे त्या मुलाला ठाऊक नसतं. ते आपल्यालाच ठाऊक असावं लागतं.

काही वर्षांपूर्वी नगरला माझ्यावर हा प्रसंग आला. मुलाने विचारलं, ‘डेटा काढून ठेवलाय ना?’ मी छातीठोकपणे हो म्हणालो. पेन ड्राईव्हमध्ये माझ्या कविता घेतल्या होत्या आणि अम्मीच्या ओव्याही. अम्मी जात्यावरच्या ओव्या मराठीतच म्हणायची. घरातलं जातं गेलं तरी ओव्या तिच्या तोंडात होत्या. त्या मी कॅसेटवर घेतल्या, पुढे संगणकात उतरवल्या. कॅसेट बुरशी लागून खराब झाली, तेव्हा अम्मीही राहिली नव्हती.

संगणक घरी आणून पेन ड्राईव्ह लावला. कविता उघडल्या तर ओळीच्या ओळी रोमन अक्षरं आणि चिन्हं! ओव्यांवर क्लिक केलं, तर फाईल सापडत नाही असा निरोप आला.

कवितांचं कोडं सुटलं. जुन्या मराठी फाँटमध्ये संगणक आतून रोमन अक्षरांचेच क्रमांक साठवत असे, फक्त त्यांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं दाखवत असे. फाँट पुसला गेला की चित्रं जातात, रोमन अक्षरं उरतात. फाँट पुन्हा बसवला आणि कविता परत आल्या. युनिकोडमध्ये ही अडचण येत नाही, कारण तिथे ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे. युनिकोडच्या १९९१ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. जुनं लेखन असेल तर फाईलबरोबर फाँटही उतरून घ्यावा आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये करून घ्यावा.

ओव्या मात्र परत आल्या नाहीत. डेस्कटॉपवरचं जे चित्र मी उतरून घेतलं, तो ‘शॉर्टकट’ होता. त्याच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो. तो फाईलचा नुसता पत्ता, फाईल नव्हे. पत्ता मी जपून आणला आणि घर पाडायला सांगितलं.

आपल्या जिल्ह्यात नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलेली मूळ पोथी आज उपलब्ध नाही. नकला होत गेल्या म्हणून ग्रंथ राहिला. पण नकलांत चुकाही शिरल्या, म्हणून इ.स. १५८४ मध्ये एकनाथांनी पाठ तपासून शुद्ध प्रत तयार केली. नक्कल करणं हे एक काम आणि ती तपासणं हे दुसरं. मी पहिलंच केलं होतं.

म्हणून सांगतो. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाऊनलोड्स, फोटो हे सगळं बहुधा सी ड्राईव्हमध्ये असतं आणि पुसला जातो तोच. दुकानाचा हिशेब, पासवर्ड, फाँट यांची आठवण ठेवा. उतरवलेल्या फाईलचा आकार पाहा. गाणं काही एमबींचं असतं, शॉर्टकट एक-दोन केबींचा. मग पेन ड्राईव्ह दुसऱ्या संगणकाला लावून दोन-चार फाईली उघडून वाचा, ऐका. प्रती दोन ठेवा, त्यांतली एक घराबाहेर. चुकून पुसलंच गेलं, तर त्या डिस्कवर नवं काही टाकू नका. साध्या हार्ड डिस्कमध्ये झटपट फॉरमॅटने आधी अनुक्रमणिकाच जाते, पानं काही काळ टिकतात. एसएसडीमध्ये ही आशा फार कमी. माझ्या डिस्कवर तर नवी विंडोज टाकून झाली होती.

मोठ्या आपाला अम्मीच्या अकरा ओव्या आठवल्या. त्या युनिकोडमध्ये टाईप करून दोन ठिकाणी ठेवल्या आहेत. मग आपालाच म्हणायला लावलं आणि तिचा आवाज मोबाईलवर घेतला. त्याच संध्याकाळी दुसऱ्या संगणकावर लावून शेवटपर्यंत ऐकला.